विद्यार्थ्याची पूर्वयोजना

(वाचनपाठ: नहेम्या, अध्याय १ व २, लूक १४:२८-३०, याकोब ४:१३-१५)

धारूरचा किल्ला ज्याने पाहिला नाही असा मनुष्य आमच्या ह्या भागातील मंडळ्यांत क्वचितच सापडेल. बालाघाटाच्या डोंगरावर तो उभा आहे. सोळाव्या शतकात विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार किश्वरखान ह्याने तो बांधविला, पुढे तो अहमदनगरच्या निजामशाहीकडे गेला, आणि १६३१ साली मोगलांनी तो घेतला. कोणी जिंकला व कोणी हरला हे इतिहासाच्या पुस्तकात मुले वाचतीलच. आम्हांस त्या किल्ल्यात तटाबुरुजांपेक्षा पाण्याचे साठे अधिक पाहण्यासारखे वाटतात. डोंगरमाथ्यावर नदी नाही. पाऊस पडावयाचा तो चार महिने, आणि आमच्या मुलखात तोही बेभरवशाचा. म्हणून ज्यांनी तट रचला त्यांनी पाण्याची सोयही त्याबरोबरच केली. वेढा पडल्यावर हौद खणावयास कोणी बसत नाही.

शाळेत जाणाऱ्या मुलांस व त्यांच्या आईबापांस ह्याच गोष्टीविषयी चार शब्द सांगावे असा आमचा हेतू आहे. विद्यार्थ्याने पुढची योजना आधी करावी हे कोणीही मान्य करील. पण ती केव्हा करावी, कोणी करावी, आणि आमच्या खेड्यांतील दारिद्र्यात ती करता येते तरी काय, हे प्रश्न कठीण आहेत, आणि ते सोडून दिले तर उपदेश पोकळ होतो.

प्रथम शास्त्रपाठाकडे वळू. नहेम्या हा शूशन राजवाड्यात अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार होता. मोठ्या राजाजवळची चाकरी असली तरी ती चाकरीच; स्वतःच्या इच्छेने चार दिवस घरी जाण्याचीही त्यास मोकळीक नव्हती. किसलेव महिन्यात त्याचा भाऊ हनानी यरुशलेमेहून आला, आणि तेथील तट पडला आहे व वेशी जळून गेल्या आहेत असे त्याने सांगितले. ते ऐकून नहेम्या रडला, त्याने उपास केला व प्रार्थना केली. इथपर्यंतचा भाग आमच्या सभांत पुष्कळ वेळा वाचला जातो. ह्यापुढचा भाग तितका वाचला जात नाही, आणि विद्यार्थ्याच्या उपयोगाचा तोच आहे.

पुढच्या अध्यायाच्या आरंभी नीसान महिना आहे. म्हणजे मध्ये सुमारे चार महिने गेले. हे चार महिने नहेम्या केवळ रडत बसला नव्हता, हे राजापुढील त्याच्या उत्तरांवरून दिसून येते. राजाने विचारले की तुला काय पाहिजे. तेव्हा त्याने मनात देवाची प्रार्थना केली आणि लगेच काय पाहिजे ते सांगितले. तुला किती दिवस लागतील असे विचारल्यावर त्याने मुदत सांगितली. त्यानंतर त्याने आपण होऊन दोन प्रकारची पत्रे मागितली: वाटेवरच्या सुभेदारांनी आपणास जाऊ द्यावे म्हणून एक, आणि राजाच्या वनाचा रक्षक आसाफ ह्याने वेशींसाठी, तटासाठी व राहावयाच्या घरासाठी लाकूड द्यावे म्हणून दुसरे. आसाफाचे नाव त्यास ठाऊक होते, लाकूड कोठून मिळेल हे ठाऊक होते, किती लाकूड कोणत्या कामास लागेल हेही त्याने मनात धरलेले होते. ज्याने आधी विचार केला नाही त्यास राजाने असा प्रश्न केला असता तर तो गोंधळून गेला असता, आणि संधी हातची निघून गेली असती. यरुशलेमेस पोहोचल्यावरही तो एकदम कामास लागला नाही. तीन दिवस थांबून, रात्री थोडी माणसे बरोबर घेऊन, पडलेला तट कोठे कसा आहे हे त्याने स्वतः फिरून पाहिले. मग कामास हात घातला, आणि तट बावन्न दिवसांत पुरा झाला.

आता एक गोष्ट ध्यानात घ्यावी. किसलेव म्हणजे आपला कार्तिक-मार्गशीर्षाचा सुमार, आणि नीसान म्हणजे फाल्गुन-चैत्राचा. आमच्या धारूर तालुक्यात ह्याच महिन्यांत गावेच्या गावे ओस पडतात. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी साताऱ्याकडे, कोणी पुण्याकडे, कोणी कर्नाटकात. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की फडात कोयते पडू लागतात, आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे मार्च-एप्रिलच्या सुमारास, माणसे परत येतात. शाळेचे दुसरे सत्र आणि ऊसतोडीचा हंगाम हे दोन्ही एकाच वेळी चालतात. आमच्या मुलांचे शिक्षण बुडते ते बहुतेक ह्याच चार-पाच महिन्यांत.

येथे कित्येक वाचक म्हणतील की, पाळकसाहेब, ज्याच्या पोटाचाच ठिकाणा नाही त्याने योजना कसली करावी? ह्या प्रश्नाची आम्ही थट्टा करीत नाही. पण आमच्या पाहण्यात असे आले आहे की, ऊसतोडीस जाणाऱ्या घराची पुढच्या वर्षाची योजना झालेली असतेच. ती केवळ त्या घराने केलेली नसते. आषाढ-श्रावणात मुकादम येतो आणि उचल देतो. नवराबायकोचा एक कोयता धरून ती रक्कम ठरते. त्या दिवशी त्या पैशातून बियाण्याचे देणे फिटते, दवाखान्याचे फिटते, एखाद्या लग्नाचे फिटते. आणि त्याच दिवशी घरातील दहावीच्या मुलाने मार्चमध्ये काय करावयाचे हेही ठरून जाते, मात्र त्याविषयी कोणी एक शब्द बोललेला नसतो. मुकादम दुष्ट असतो असे आमचे म्हणणे नाही. त्यासही कारखान्याशी केलेला करार पुरा करावयाचा असतो. आमचे म्हणणे इतकेच की, त्याने आपल्या वर्षाचा हिशेब ज्येष्ठातच मांडलेला असतो आणि आम्ही आमचा हिशेब कार्तिकात मांडू लागतो. तोपर्यंत पैसा खर्च झालेला असतो आणि शब्द दिलेला असतो.

म्हणून विद्यार्थ्याच्या योजनेची वेळ उचल घेण्याच्या आधीची आहे. जूनच्या मध्यावर शाळा उघडते. तेव्हापासून मुकादम दारी येईपर्यंतचे जे काही आठवडे मिळतील ते ह्या कामाचे होत.

ह्या बाबतीत आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणे आम्हांस भाग आहे. आमच्या एका खेड्यातील मंडळीत एक हुशार मुलगा दहावीत होता. त्याच्या बापाने श्रावणात उचल घेतली. मुलगा म्हणाला, मी पुस्तके बरोबर नेतो आणि परीक्षेला परत येतो. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही त्यांच्या अंगणात प्रार्थनासभा घेतली, प्रवासासाठी व कामासाठी आशीर्वाद मागितला, चहा घेतला आणि परत आलो. दहावीचे परीक्षेचे अर्ज शाळेतून ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरले जातात, त्यास सही लागते, फी लागते, हे आम्हांस ठाऊक होते; पण त्या संध्याकाळी आम्ही त्यास तेवढे एक वाक्य विचारले नाही. फेब्रुवारीत तो फडावरून एकटा एसटीने आला, तेव्हा शाळेत त्याचा अर्जच गेलेला नव्हता. तो आमच्या घरी येऊन पायरीवर बसला. पाणीसुद्धा घेतले नाही. आम्ही त्यास नहेम्याविषयी काही सांगू शकलो नाही, कारण ज्याने पत्रे मागितली त्याची गोष्ट सांगण्याचा अधिकार त्या दिवशी आम्हांस नव्हता. तो मुलगा पुढे शाळेत परत गेला नाही. आता त्याचा स्वतःचा कोयता आहे.

त्याच गावात दुसरे एक घर आहे. तेथील मुलगी दहावीत जाणार होती. तिच्या आईने ज्येष्ठातच नवऱ्याजवळ गोष्ट काढली. पुष्कळ वादानंतर असे ठरले की, त्या वर्षी आईने गावी राहावे, आणि बापाने धाकट्या भावास घेऊन कोयता पुरा करावा. उचल दोन घरांत वाटली गेली. घरावरचे पत्रे बदलावयाचे होते ते राहिले, आणि एका पावसाळ्यात घर गळत होते. चुलत्याची कुरकुर आम्ही स्वतः ऐकली आहे. पण मुलगी परीक्षेस बसली व पास झाली, आणि पुढे परिचारिकेच्या शिक्षणास गेली. ह्या दोन घरांत जमीन सारखीच, कर्जही जवळजवळ सारखेच. पहिल्या घरात प्रीती कमी होती असेही नाही. फरक दोन महिन्यांचा होता.

मुलींविषयी येथे अधिक स्पष्ट लिहिले पाहिजे. मुलगी तेरा-चौदा वर्षांची झाली की, तिला गावी कोणाजवळ ठेवावे आणि फडावरच्या कोपीत कशी न्यावी, ह्या दोन्ही भीतींपोटी आईबाप हंगामाच्या आधी तिचे लग्न उरकून टाकतात. २०१९ ते २०२१ च्या दरम्यान झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे दिसून आले की, बीड जिल्ह्यातील वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शंभरात चाळीसहून अधिक जणींची लग्ने अठरा वर्षांच्या आत झाली होती. २००६ च्या कायद्याने हा गुन्हा आहे. आमच्या मंडळ्या ह्यातून अलिप्त आहेत असे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही. आईबापांची भीती खोटी नाही; पण त्या भीतीचा विचार मे-जूनमध्ये केला तर आजी, मावशी, वसतिगृह अशा दोन-तीन वाटा दिसतात, आणि दिवाळीत केला तर एकच दिसते.

ह्या वाटा कोणत्या ते सांगतो. गावोगावच्या शाळांतून हंगामी वसतिगृहे चालविली जातात. आईबाप फडावर गेले असता मुलांच्या जेवणाची सोय तेथे होते, आणि पुष्कळ ठिकाणी मुले रात्री आजी-आजोबांजवळ निजतात. पण ह्यासाठी मुलांची यादी टोळ्या निघण्याच्या आधी व्हावी लागते. ज्याचे नाव यादीत नाही त्याच्यासाठी नंतर धावपळ करावी लागते. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी सरकारने २०२१ साली संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना मंजूर केली. तीत ४१ तालुक्यांत मुलांची ४१ व मुलींची ४१ अशी ८२ वसतिगृहे योजिली आहेत. आपल्या जवळचे कोणते चालू आहे, जागा किती आहेत, ह्याची चौकशी शाळा उघडताच करावी. ज्यांस मुलांस बरोबर नेण्यावाचून गत्यंतरच नाही, त्यांनी शाळेतून शिक्षण हमी पत्रक घ्यावे, म्हणजे जेथे जातील तेथील शाळेत मुलास बसता येते. सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शाळेत घेणे हे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंधनकारक आहे. तो कायदा मोठा चांगला आहे, पण कारखान्याच्या वाटेवरील कोपीत येऊन तो कोणास उठवीत नाही. कागद आपल्यालाच दाखवावा लागतो.

नहेम्याच्या पत्रांची आठवण आम्ही पुन्हा पुन्हा देतो ती ह्याचसाठी. आजच्या विद्यार्थ्याचे आसाफ व सुभेदार म्हणजे तहसील कचेरी, शाळेचे कार्यालय आणि सेतू केंद्र होय. आठवीतील मुलांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटकांची शिष्यवृत्ती परीक्षा असते. सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेतील मुलास, आईबापांचे उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत असल्यास, तीस बसता येते; निवड झाल्यास नववीपासून बारावीपर्यंत दरसाल १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. पण ही परीक्षा बहुधा डिसेंबरात होते, आणि डिसेंबरात आमचे आठवीचे मूल ऊसाच्या फडात पाचट गोळा करीत असते! ज्याच्यासाठी ती शिष्यवृत्ती योजली तोच नेमका त्या दिवशी गैरहजर असतो. तीच गोष्ट नवोदय विद्यालयाची. पाचवीत असतानाच सहावीच्या प्रवेशाचा अर्ज करावा लागतो, आणि सहावीत गेल्यावर त्याची आठवण होऊन उपयोग नाही.

ख्रिस्ती कुटुंबांस आणखी एका गोष्टीची विशेष सूचना करावीशी वाटते. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलास शास्त्रातील नाव द्यावयाचे, घरी दुसऱ्या नावाने हाक मारावयाची, शाळेत मास्तराने ऐकून लिहिले असेल ते तिसरे, आणि आधारकार्डावर इंग्रजी अक्षरांनी चौथेच. हे आम्ही शेकडो वेळा पाहिले आहे. मूल शाळेत आहे तोवर शाळेच्या रजिस्टरातील नाव व जन्मतारीख दुरुस्त करून घेणे शक्य असते; दहावीचे प्रमाणपत्र छापून आले म्हणजे तेच काम अतिशय कठीण होते. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, जातीचा दाखला, आणि ज्यास लागत असेल त्यास जातवैधता, ह्यांस दिवस लागतात, कधी महिने लागतात. निकाल लागल्यावर जे आईबाप दाखल्यासाठी रांगेत उभे राहतात त्यांस आम्ही दोष देत नाही. त्यांस कोणी सांगितलेच नव्हते. उपदेशकाने सांगितले पाहिजे. मंडळीच्या बाप्तिस्मा-नोंदीचे पुस्तक आणि शाळेचे रजिस्टर ही दोन्ही वर्षातून एकदा शेजारी ठेवून पाहिली तर हे काम एका दुपारचे आहे.

आता प्रत्यक्ष अभ्यासाकडे वळू. ज्या मुलास फडावर जावेच लागते त्याने काय करावे? तेथे पहाटे चारला आईबाप निघून जातात. मुलास पाणी भरावयाचे, धाकट्यास सांभाळावयाचे, भाकरी पोहोचवावयाची असते. अशा मुलाला रोज चार तास अभ्यास कर असे सांगणे म्हणजे त्याची थट्टा करणे होय. पण दसऱ्यापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत साडेचार महिने होतात. (२०२५ साली दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारीस सुरू झाली होती.) शंभर-सव्वाशे पानांचे पुस्तक ह्या दिवसांत रोज एक पान वाचले तरी पुरे होते आणि आठ-पंधरा दिवस उजळणीस उरतात. एक पान हे कोपीतही वाचता येते. निघण्याच्या आधी शिक्षकांजवळ बसून कोणते धडे आधी घ्यावयाचे, कोणते आपले आपण समजतील आणि कोणते परत आल्यावर विचारावयाचे, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावे. गणित आपले आपण समजणे कठीण, म्हणून त्याचा जो भाग अवघड असेल तो निघण्यापूर्वीच्या महिन्यात शाळेत करून घ्यावा, आणि भाषा व इतिहास बरोबर न्यावेत. घरात एकच मोबाइल असेल तर तो संध्याकाळी कोणत्या वेळी मुलाच्या हाती राहील हेही आधी बोलून ठेवावे. न बोलता राहिले तर तो बहुधा चुलतभावाच्या हाती असतो आणि त्यात अभ्यास सोडून सर्व काही चालते.

आम्ही स्वतः धर्मशाळेत विद्यार्थी असता ग्रीक भाषेच्या बाबतीत अगदी उलट वागलो होतो. धातूंची रूपे परीक्षेच्या तीन रात्रींत पाठ केली, चौथ्या दिवशी कशीबशी लिहिली, आणि पाचव्या दिवशी ती आम्हांस सोडून गेली ती आजतागायत परत आली नाहीत. ह्यास्तव रोजच्या एका पानाची किंमत आम्हांस ठाऊक आहे असे समजावे.

ज्यांचे शिक्षण मध्येच तुटले त्यांस वाटते की आता योजनेला अर्थ उरला नाही. अशांसाठी महाराष्ट्रातील सर्वांस ठाऊक असलेले एक चरित्र सांगतो. डॉक्टर भीमराव आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेले, आणि तेथून १९१६ साली लंडनला अभ्यासास आले. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून त्यांस परतावे लागले. त्यांची पुस्तके निराळ्या जहाजाने येत होती. महायुद्ध चालू होते, ते जहाज बुडविले गेले आणि पुस्तके समुद्रात गेली. बडोद्यात नोकरीस गेले तेथे जातीमुळे राहावयास जागा मिळेना. अशा वेळी पुष्कळांनी शिक्षणाचा विचार सोडून दिला असता. पण लंडन सोडण्यापूर्वीच त्यांनी विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळवून ठेवली होती. ही मुदत डोळ्यांपुढे ठेवून त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात १९१८ पासून प्राध्यापकाची नोकरी केली, पगारातून पैसा साठविला, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य व मित्र नवल भथेना ह्यांच्याकडून कर्ज घेतले, आणि १९२० साली, मुदत संपण्याच्या आत, ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली त्यांस तेथील डी. एससी. ही पदवी मिळाली. बुद्धी सर्वांस तशी नसते हे खरे. पण निघताना परत येण्याचा दरवाजा उघडा ठेवून निघणे, ह्यास बुद्धीपेक्षा सावधपण अधिक लागते. आणि आमच्या दहावीच्या मुलाचा परीक्षेचा अर्ज हा तसाच एक दरवाजा आहे. पुढे १९५० साली ह्याच गृहस्थांच्या संस्थेने औरंगाबादेस कॉलेज काढले, आणि मराठवाड्यातील गरिबांच्या मुलांस उच्च शिक्षण जवळ आले.

ज्यांनी शाळा सोडून काही वर्षे लोटली आहेत त्यांस सतरा नंबरचा अर्ज भरून दहावीस बाहेरून बसता येते. पाचवी पास असावे आणि वयाची चौदा वर्षे पुरी असावीत. हा अर्जही परीक्षेच्या पुष्कळ आधी, पावसाळ्याच्या सुमारास भरावयाचा असतो. बाकीचे नियम जवळच्या हायस्कुलात विचारून घ्यावेत. आमच्या तरुण उपदेशकांपैकीही कित्येकांस ह्याचा उपयोग करता येईल. आणि वयाची लाज वाटत असेल तर पंडिता रमाबाईंनी शास्त्राच्या भाषांतरासाठी हिब्रू व ग्रीक ह्या भाषांचा अभ्यास प्रौढ वयात केला, व १९२२ साली मृत्यू येईपर्यंत ते काम चालविले, हे त्यांनी आठवावे.

आता एका शंकेचे उत्तर देणे प्राप्त आहे. मागील वर्षी एका वृद्ध बंधूने सभेत उठून विचारले की, प्रभूने तर उद्याची चिंता करू नका असे सांगितले आहे. मग हा वर्षभराचा हिशेब कशास? त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभूने चिंता करण्यास मना केले आहे. काम करण्यास किंवा तजवीज करण्यास मना केलेले नाही. लूकाच्या चौदाव्या अध्यायात बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज करावा, नाहीतर पाया घालून काम अडेल आणि लोक हसतील, असा दृष्टांत त्यानेच दिला आहे. आमचा अनुभव असा आहे की, ज्याने दाखला काढून ठेवला आहे तो रात्री झोपतो, आणि ज्याने काढला नाही तोच उद्याची चिंता करीत जागतो.

याकोबाचा पाठ अधिक सूक्ष्म आहे. आज किंवा उद्या आपण अमुक गावी जाऊ, तेथे एक वर्ष घालवू आणि कमाई करू असे म्हणणाऱ्यांस तो दटावतो. वाचून क्षणभर वाटते की प्रेषिताने आमच्या मुकादमाचे बोलणेच ऐकले होते! पण तो त्यांस जाऊ नका असे म्हणत नाही. प्रभूची इच्छा असेल तर असे म्हणून बेत करा, असे शिकवितो. पौलानेही स्पेन देशास जाण्याचा बेत रोमकरांस लिहून कळविला होता. आणि बिथुनियास जाण्याचा त्याचा बेत आत्म्याने मोडला तेव्हा तो त्रोवसास उतरला आणि तेथून मासेदोनियास गेला. बेत केलेलाच नसता तर तो मोडला तरी कसा जाता? दुष्काळ पडेल, आजारपण येईल, कारखाना लवकर बंद होईल. अशा वेळी योजना बदलावी लागेल, ती बदलावी. ती पेन्सिलीने लिहावी असे आम्ही मुलांस सांगतो.

ह्या पाठावर सभा घेणाऱ्या उपदेशक बंधूंनी व बायबलबाईंनी नहेम्याचे पहिले दोन अध्याय मुलांकडूनच वाचवून घ्यावेत, आणि मग मोठ्या माणसांस हे प्रश्न विचारावेत. नहेम्या चार महिने थांबला, त्या काळात त्याने कोणकोणत्या गोष्टींची माहिती काढली असावी? त्याने राजाजवळ पैसा न मागता पत्रे का मागितली? आपल्या मंडळीतील आठवी व दहावीत असलेली मुले कोणती, आणि त्यांच्या घरी उचल घेतली गेली आहे काय? कोणाची आजी गावी राहणार आहे? ज्या घरात आजी नाही तेथील मुलास पाच महिने ठेवून घेईल असे दुसरे घर मंडळीत आहे काय? ह्या शेवटच्या प्रश्नानंतर सभेत शांतता होईल. ती होऊ द्यावी, लगेच गीत सुरू करू नये. कोणी हात वर केला तर त्याचे नाव त्याच्यासमक्ष वहीत लिहून घ्यावे, आणि दुसऱ्याच दिवशी शाळेत जाऊन हंगामी वसतिगृहाची यादी कोणत्या तारखेस होणार आहे ते विचारावे.